हॉटेलचं बिल आणि फ्रिजमधली मेथी

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घरखर्चावरचा लेख वाचला. 'गृहिणींनो, बाहेरचं खाणं बंद करा, महिन्याला दहा हजार वाचवा' असा त्याचा एकूण सूर. असाच एक लेख आपण गेल्या वर्षी जूनमध्येही छापला होता. तेव्हा तो वाचून मी जोरजोरात मान डोलावली होती आणि सूनबाईला दिसेल अशा बेताने जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवून दिला होता. हे पत्र त्या उद्योगाचं प्रायश्चित्त समजा.

आधी माझी ओळख. सरकारी खात्यात लेखा विभागात चौतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. सहकारनगरात राहतो. घरात आम्ही दोघं, मुलगा, सून आणि तिसरीतली नात. सून नोकरीला हिंजवडीला, मुलगा खराडीला, शहराच्या दोन टोकांना. पुण्याचा नकाशा डोळ्यांसमोर असलेल्यांना एवढ्यावरून कळेल की आमच्याकडे संध्याकाळी सात वाजता कोण घरी असतं. दोघांपैकी कोणी नाही. आठ, सव्वाआठ, पाऊस असेल तर नऊ.

गेल्या मे महिन्यात आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरातला बाजार माझ्याकडे आला. चाळीस वर्षं हिने तो निमूटपणे केला होता. दुधाचे खाडे कॅलेंडरच्या चौकटीत, वाण्याचा हिशेब जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर. मी कधी डोकावलो नाही. दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासून आल्यावर घरची कोण तपासणार?

पहिल्याच महिन्यात फसलो. तेलाचा डबा घेतला, नेहमीपेक्षा सव्वाशे रुपये स्वस्त. विजयी मुद्रेने घरी आणला. हिने चष्मा लावून डबा फिरवला आणि म्हणाली, "अहो, हा पंधरा लिटरचा आहे. आपण पंधरा किलोचा घेतो." तेल पाण्यापेक्षा हलकं. पंधरा लिटर तेल भरतं साधारण तेरा किलो साडेसहाशे ग्रॅम. म्हणजे सव्वाशे रुपये वाचवून मी सव्वा किलोहून जास्त तेल कमी आणलं होतं. दुकानदार खोटं काही बोलला नव्हता, डब्यावर लिहिलेलं होतंच. तेव्हापासून मी पाकिटावरचा तो बारीक अक्षरातला आकडा वाचतो. दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पडतात, हे आता पाकिटावर छापावं लागतं. बिस्किटाचा मोठा पुडा दर वेळी स्वस्त पडतोच असं नाही, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं.

दुसरी चूक घाऊकपणाची. भुसार विभाग घराजवळ, मार्केट यार्डात, मग किलो-दोन किलो कशाला, असं म्हणून शेंगदाणे पाच किलो आणि रवाही पाच किलो आणला. श्रावणापर्यंत रव्याला जाळी धरली आणि शेंगदाणे खवट झाले. गव्हाचं ठीक आहे. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरायचा, एरंडेल चोळायचं, कडुनिंबाचा पाला टाकायचा, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण शेंगदाण्याला तो न्याय लागू नाही.

तर तो जूनचा लेख. टेबलावर ठेवला खरा, पण सूनबाई काही बोलली नाही. तिने तो वाचला, घडी घातली आणि रद्दीत ठेवला. मला ते लागलं. म्हटलं, आकडेच मांडू. जुलै ते सप्टेंबर मी रोजची वही ठेवली. प्रत्येक बिल, प्रत्येक यूपीआय, कोथिंबिरीचे दहा रुपयेसुद्धा. मुलाला आणि सुनेला रोज रात्री विचारायचो, आज काय काय? मुलगा वैतागला. सून मात्र न चुकता फोन उघडून दाखवायची.

तीन महिन्यांची सरासरी अशी निघाली. वाणसामान ९,४००. भाजी-फळं ५,२००. दूध ४,३००. आणि बाहेरचं खाणं ११,६३०. एकूण ३०,५३०. म्हणजे खाण्यावरच्या खर्चातले शेकडा अडतीस रुपये बाहेर. मला वाटलं, खटला संपला.

मध्येच एक तुलना सांगतो, कारण ती मला झोपू देईना. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत शहरातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला. एकूण खर्च, कपडे-औषधं-प्रवास सगळं धरून. त्यातले चाळीस टक्क्यांना थोडे कमी खाण्यापिण्यावर. आणि खाण्यापिण्यात सर्वांत मोठा वाटा दुधाचा नाही की धान्याचा नाही, तर पेयं आणि तयार पदार्थांचा. आमच्या घरी माणशी नुसतं खाणं ६,१०६. देशातला सरासरी शहरी माणूस महिनाभर ज्यात सगळं भागवतो, जवळपास तेवढं आम्ही खाऊन मोकळे. आणि स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवतो.

पुन्हा वहीकडे. लेखा विभागात एक गोष्ट अंगात मुरते. एखादं खातं फार फुगलेलं दिसलं की आधी माणसावर संशय घ्यायचा नाही, खात्यावर घ्यायचा. त्यात नको त्या नोंदी कोंबल्यात का, ते पाहायचं. मी 'बाहेरचं खाणं' फोडायला घेतलं.

पहिल्यांदा हाती लागल्या पोळ्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पोळी-भाजी केंद्र आहे. सून कामाच्या दिवशी तिथून बारा पोळ्या आणते, दहा रुपयाला एक. महिन्याचे २,४००. मी लगेच गणित केलं. गहू चाळीस रुपये किलो, दळणाचे आठ, किलोच्या तीसेक पोळ्या, तेल-गॅस धरून घरची पोळी अडीच रुपयांना पडते. म्हणजे पोळीमागे साडेसात रुपयांचं नुकसान! हे मी हिला वाचून दाखवलं. ही पाय उशीवर ठेवून बसली होती. म्हणाली, "कणीक मळायला, लाटायला, भाजायला, ओटा पुसायला तास लागतो. तो कितीला लावलात?" लावला नव्हता. चाळीस वर्षं लावला नव्हता. त्या २,४०० रुपयांची नोंद मी खोडली आणि वहीत नवं खातं उघडलं: मजुरी. त्या केंद्रात पाच-सहा बायका तव्यासमोर उभ्या असतात. तिथे पैसे गेले की ते हॉटेलात उडवले, असं म्हणणं मला आता जमत नाही.

दुसरे ३,८५० रुपये रविवारचे. महिन्यातून दोनदा आम्ही पाचही जण बाहेर जातो. कधी सकाळी मिसळ, कधी दुपारी थाळी. यावर मी कात्री चालवणार नाही आणि कोणाला चालवू देणार नाही. नात हल्ली स्वतः वेटरकाकांना हाक मारून ऑर्डर सांगते, हिला उठून वाढावं लागत नाही, आणि मी बिल तपासतो. माझी करमणूक तीच. साध्या हॉटेलच्या जेवणावर जीएसटी पाच टक्के, अडीच केंद्राचे, अडीच राज्याचे, यापेक्षा जास्त दिसला की मी मालकाला विचारतो. दारावर 'कंपोझिशन'ची (छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेची) पाटी असेल तर त्या हॉटेलला गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही. आणि सर्व्हिस चार्ज तर सक्तीचा नाहीच. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैमध्ये तसं बजावलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. एका ठिकाणी बिलात दहा टक्के लावलेले होते, वर त्यावरही जीएसटी. मी शांतपणे 'हे काढा' म्हणालो. व्यवस्थापकांनी काही न बोलता नवं बिल आणलं. मुलगा मान खाली घालून मोबाइल बघत होता. त्या पैशांतून मी वेटरच्या हातावर पन्नास रुपये ठेवले, मग मुलाने मान वर केली.

उरले ५,३८०. हे सगळे ॲपवरून मागवलेल्या रात्रीच्या जेवणाचे. महिन्याला सरासरी नऊ वेळा. यातली एक ऑर्डर मी नीट सोलून पाहिली. दोन भाज्या, सहा रोट्या, एक जीरा राईस. ॲपवर पदार्थांचे ९५०. डबे-पिशवीचे चाळीस. मग सवलत शंभर. मग कर, पोहोचवण्याचे पैसे, प्लॅटफॉर्म फी (२०२३ साली सुरू झाली तेव्हा ती दोन रुपये होती!), त्यावर पुन्हा कर. शेवटी ९९३. खाली हिरव्या अक्षरात, 'अभिनंदन, तुम्ही १०० रुपये वाचवलेत.' हे हॉटेल आमच्या घरापासून चालत चार मिनिटांवर आहे. दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना मी त्यांचं मेनूकार्ड मागून घेतलं. तेच पदार्थ तिथे ७८८, कर धरून ८२७. वाचलेल्या शंभराचे आम्हीच १६६ जास्त दिले होते.

पण हेही मला मुख्य वाटत नाही. मुख्य गोष्ट पुढे आहे.

ऑगस्टच्या एका रविवारी मी फ्रिज साफ करायला काढला. खालचा भाजीचा कप्पा ओढला तर तळाशी एक पिशवी. आत मेथी होती असं म्हणायचं. पानं काळपट हिरवी, एकमेकांना चिकटलेली, पिशवीच्या कोपऱ्यात चहासारखं पाणी. देठांना अजून रबर तसंच. ती जुडी मीच मंगळवारी आणली होती, पंचवीस रुपयांना, घासाघीस करून. तिच्या शेजारी अर्धा कोबी, कडेने तपकिरी झालेला. कोथिंबिरीचा गोळा. फसफसलेलं डोशाचं पीठ. का कोण जाणे, मी ते सगळं हिच्या वजनकाट्यावर ठेवलं. एक किलो दीडशे ग्रॅम. मग पुढचे तीन रविवार तेच केलं. चार आठवड्यांत चार किलो तीनशे ग्रॅम अन्न आम्ही ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकलं होतं.

मग मी जुळवणी केली. आमच्या भाषेत रिकन्सिलिएशन. एका बाजूला ॲपच्या ऑर्डरींच्या तारखा, दुसऱ्या बाजूला त्या दिवशी फ्रिजमध्ये काय होतं ते. नऊपैकी सात वेळा भाजी घरात होती. मंगळवारची मेथी सडली, कारण बुधवारी रात्री पनीर आलं आणि गुरुवारी पावभाजी. म्हणजे ती ऑर्डर आम्हाला दोनदा पडत होती. एकदा ॲपवर, एकदा कचऱ्यात. किराणा-भाजी आणि बाहेरचं खाणं ही दोन वेगळी खाती आहेत असं समजून आपण एकात बचत शोधत बसतो. ती एकाच पिशवीची दोन तोंडं आहेत.

आणि सून मागवते कधी? वेळा पाहिल्या. आठ बत्तीस. आठ एक्केचाळीस. आठ अडतीस. एकही ऑर्डर सातच्या आधीची नाही. हिंजवडीहून दोन तास धक्के खात आलेली बाई चपला काढते, नात 'भूक लागली' म्हणते, आणि फ्रिजमध्ये मेथीची न निवडलेली जुडी असते. मुळं, माती, रबर यांसकट. जुडी निवडायला अर्धा तास लागतो. कोणता शहाणा माणूस आठ चाळीसला मेथी निवडायला बसेल?

हा सगळा तपशील मी एका शनिवारी चहाच्या वेळी घरच्यांसमोर मांडला. मोठ्या अभिमानाने, तक्ते वगैरे करून. सून ऐकत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, मग उपाय काय?" मी म्हणालो, आठवड्याचा मेनू रविवारीच ठरवायला हवा, तुमच्या पुरवणीतही तेच लिहिलं होतं. ही आतून म्हणाली, "अहो, लेखापरीक्षण झालं असेल तर मेथी निवडायला घ्या."

बसलो निवडायला. गेले काही महिने दुपारी चारला मी तेच करतो. जमिनीवर आपला कालचा अंक पसरतो, त्यावर जुडी सोडतो. पहिल्या दिवशी मी एकेक पान देठापासून तोडत होतो. पाऊण तास लागला, वर नातीची टीका. आता एका हाताने शेंडा धरून खुडायचं कळलंय, सतरा-अठरा मिनिटांत होतं. निवडलेली भाजी धुवायची नाही, ओली ठेवली की सडते. जुन्या सुती पंच्यात गुंडाळून डब्यात. (वर्तमानपत्रात गुंडाळू नये, छपाईची शाई अन्नाला चांगली नाही, असं अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनेच बजावलं आहे. राग नसावा.) गवार मोडून, कोबी चिरून, लसूण सोलून. कणीक मळायलाही शिकलो, पण ती अजून हाताला चिकटते, म्हणून पोळ्या केंद्रातूनच. सात वाजता कुकर मी लावतो. सून आली की फोडणी तिची, कारण माझ्या फोडणीत मोहरी करपते.

परिणाम विचाराल तर डिसेंबरमध्ये ॲपवरच्या ऑर्डरी तीन, रुपये १,७००. भाजीचा खर्च चारशेने वाढला, कारण भाजी आता खाल्ली जाते. रविवारची मिसळ तशीच. कचऱ्यात महिन्याला किलोभराच्या आत. जीएसटीच्या नव्या दरांचाही थोडा हात असेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून लोणी-तूप, बिस्किटं, साबण यांवरचा कर पाच टक्क्यांवर आला, पाकिटातल्या पनीरवरचा गेलाच. पण आमच्या वहीत तो फरक शंभर-दीडशेच्या वर दिसला नाही. डाळ-तांदूळ आम्ही आधीपासून सुटेच घेतो. त्यावर कर नाही, पंचवीस किलोपर्यंतच्या छापील पाकिटावर २०२२ पासून पाच टक्के आहे.

मी काही साधुसंत झालो नाही. नोव्हेंबरात एकदा चार वाजता कोथिंबीर नाही असं लक्षात आलं. उन्हात कुठे जा, म्हणून दहा मिनिटांत आणून देणाऱ्या ॲपवर बोट ठेवलं. कोथिंबीर अठरा रुपये. पण ठरावीक रकमेच्या आत असेल तर पोहोचवण्याचे वेगळे, म्हणून वेफर्स घातले, मग आवळा कँडी. अठरा रुपयांचं काम १३४ रुपयांना. आमची कोपऱ्यावरची भाजीवाली मिरची-कोथिंबीर वरून देते, न मागता. ॲपमध्ये 'वरून' असा रकाना नाही. ही नोंद मी वहीत लाल शाईने केली आहे, स्वतःच्या नावे.

आता आपल्याकडे दोन मागण्या. सोमवारच्या अंकात आपण मार्केट यार्डातली आवक आणि भाव छापता. ते घाऊक असतात, दहा किलोचे, पालेभाज्यांचे तर शेकडा जुड्यांचे. वाचून नुसता जीव जळतो, कारण आम्ही पाव किलोवाले. त्याच्या शेजारी मंडईतला आणि उपनगरांतला किरकोळ भाव छापाल का? घाऊक आणि किरकोळ यांतलं अंतर डोळ्यांसमोर असलं की कोणत्या आठवड्यात काय घ्यावं हे आमचं आम्हाला कळेल. २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या वर गेला होता, तेव्हा अशा तक्त्याची फार गरज होती.

दुसरी मागणी सोपी आहे. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा सुरुवातीचा तो 'गृहिणींनो' काढा. तिथे 'घरात दुपारी रिकामे बसलेल्यांनो' असं घाला. माझ्यासारखे पुण्यात बरेच आहेत, बागेतल्या बाकांवर मोजून घ्या.

पत्राखाली नाव छापू नये. सूनबाई आपलाच अंक वाचते, आणि मी हे पत्र तिला अजून दाखवलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त लेखापाल,
सहकारनगर, पुणे

ता. क. एका जुडीला आपल्या अंकाची मधली दोन पानं पुरतात. रविवारची पुरवणी मात्र या कामाला चालत नाही. तिचा कागद गुळगुळीत, ओलावा अजिबात धरत नाही.